रेशीम अळीतले छोटे आरएनए

रेशीम अळीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे आरएनएचा अवघ्या २९ अक्षरांचा एक तुकडा ठरवतो. टोकियो विद्यापीठातील सुसुमु कात्सुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. हा तुकडा पेशीत आयता तयार होत नाही. आधी आरएनएचा लांब धागा निघतो. तो कापला जातो, कापलेला तुकडा एका प्रथिनात बसतो, त्याचे जास्तीचे टोक कुरतडले जाते आणि उरलेल्या टोकावर शेवटी चार अणूंचा एक रासायनिक गट चिकटवला जातो. यातली एक पायरी चुकली तरी तुकडा निकामी ठरू शकतो. वनस्पती, कीटक आणि माणूस या सर्वांच्या पेशींत असे छोटे आरएनए असतात. ते घडवण्याची रीत समजून घ्यायला रेशीम अळीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

बीड जिल्ह्याला ही अळी परकी नाही. कोष उत्पादनात राज्यात आघाडीवर असलेल्या जिल्ह्यांत बीडचे नाव घेतले जाते. कपाशी, सोयाबीन आणि उसाच्या या पट्ट्यात अनेक शेतकऱ्यांनी एक-दोन एकरांवर तुती लावली आणि शेताच्या कडेला संगोपनगृह म्हणजे शेड उभारली. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकातील रामनगरचा बाजार गाठावा लागे. जालना बाजार समितीत २०१८ साली कोषांची बाजारपेठ सुरू झाली, पुढे बीडच्या बाजार समितीतही कोष खरेदी होऊ लागली. शेतकरी अंडीपुंजांवर हिशेब करतो. एका अंडीपुंजात साधारण चारशे ते पाचशे अंडी असतात, म्हणजे शंभर अंडीपुंजांच्या एका बॅचमध्ये चाळीस-पन्नास हजार अळ्या. सगळे नीट जमले तर त्यातून साठ-सत्तर किलो कोष निघतात.

या चाळीस-पन्नास हजारांत निम्म्या माद्या असतात. कोषाच्या आत मादीची कोशिका, म्हणजे प्युपा, जड भरते, पण रेशमाच्या कवचाचे प्रमाण नराच्या कोषात जास्त असते. नर अळी तुतीचा पालाही अधिक काटकसरीने रेशमात उतरवते. रेशीम धंद्यात नर-मादीचा प्रश्न म्हणून पैशाचा आहे आणि त्याचे उत्तर छोट्या आरएनएपाशी जाऊन थांबते.

छोटा आरएनए म्हणजे काय

पेशीतील डीएनए हा मूळ दस्तऐवज असतो. त्यातील एखाद्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिची लांबी हजार-दोन हजार अक्षरे सहज भरते. अक्षरे चारच, म्हणजे अ‍ॅडेनिन, युरॅसिल, ग्वानिन आणि सायटोसिन. प्रत्येक अक्षर रायबोज नावाच्या साखरेवर बसलेले असते आणि साखरेचे रेणू फॉस्फेटने एकमेकांना जोडलेले असतात.

छोटे आरएनए याच मालाचे बनलेले असतात, पण त्यांची लांबी साधारण २० ते ३० अक्षरे एवढीच असते. त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही. ते आर्गोनॉट कुळातील एखाद्या प्रथिनात जाऊन बसतात आणि त्याला कोणता आरएनए गाठायचा हे दाखवतात. ज्या संदेशवाहक आरएनएवर त्यांच्याशी जुळणारा मजकूर असेल, तिथे हे प्रथिन चिकटते. मग तो संदेश कापला जातो किंवा दाबून ठेवला जातो आणि त्यापासून प्रथिन बनणे थांबते.

या रेणूंचा शोध तुकड्यातुकड्याने लागला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत पहिला मायक्रोआरएनए शोधला. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली त्याच कृमीत दुहेरी धाग्याचा आरएनए टोचला आणि त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प होते, हे दाखवले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकम यांना जनुक गप्प झालेल्या वनस्पतींत सुमारे २५ अक्षरांचे आरएनए सापडले. फायर आणि मेलो यांना २००६ चे, तर अँब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राण्यांच्या पेशींत छोट्या आरएनएचे मुख्य प्रकार तीन आहेत: मायक्रोआरएनए, एसआय-आरएनए आणि पिवी-आरएनए. तिघे तीन वाटांनी घडतात आणि तिन्ही रेशीम अळीत आढळतात.

पहिली वाट: मायक्रोआरएनए

मायक्रोआरएनएचा मजकूर पेशीच्या स्वतःच्या जनुकांतच लिहिलेला असतो. केंद्रकात त्याचा लांब धागा निघतो. धाग्यातील काही भागाची अक्षरे पुढच्या अक्षरांशी जुळतात आणि धागा स्वतःवरच दुमडून आकड्यासारखा होतो. ड्रोशा नावाचे विकर केंद्रकातच हा दुमडलेला भाग मुळापासून छाटते. सुमारे ६० ते ७० अक्षरांचा तुकडा सुटा होतो आणि केंद्रकाबाहेर पडतो.

बाहेर त्याची गाठ डायसर या विकराशी पडते. डायसरचा एक भाग आरएनएचे टोक धरतो आणि कापणारा भाग तिथून ठरावीक अंतरावर असतो. हे अंतर बदलत नाही, त्यामुळे निघणारे तुकडेही एका मापाचे, साधारण २२ अक्षरांचे असतात. तुकडा दुहेरी असतो आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन अक्षरे मोकळी लोंबत असतात. डायसरच्या कामाची ही ओळखीची खूण आहे. दुहेरी तुकडा आर्गोनॉटमध्ये शिरला की एक धागा ठेवला जातो आणि दुसरा टाकून दिला जातो.

लेट-७ हा याच वाटेने घडणारा रेणू. तो गोलकृमीत २००० साली सापडला आणि त्याच वर्षी तोच मजकूर माशीपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे लक्षात आले. रेशीम अळीत तो कात टाकण्याशी आणि रूपांतराशी जोडलेला आहे. अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेनंतर कोष विणते. चिनी संशोधकांनी जनुकबदल करून अळीतील लेट-७ शोषून घेतला, तेव्हा अळ्यांची कात टाकण्याची आणि कोशिकेत जाण्याची प्रक्रिया अडखळली. शेडमध्ये अळ्या ‘मोल्टला बसतात’ तेव्हा त्यांच्या शरीरात जे घडत असते, त्यात या २२ अक्षरांचाही वाटा असतो.

दुसरी वाट: विषाणूवर नेम

ग्रासरी हा रेशीम शेतकऱ्याचा जुना वैरी. अळी सुजते, चकाकते, पिवळसर पडते, रॅकच्या कडेकडेने अस्वस्थ फिरत राहते आणि कातडी फुटून दुधासारखा द्रव बाहेर येतो. तो द्रव ज्या पाल्यावर पडतो, तो खाणाऱ्या अळ्यांनाही लागण होते. हा रोग बॅक्युलोव्हायरस गटातील एका विषाणूमुळे होतो.

विषाणू पेशीत शिरून आपल्या नकला काढू लागला की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत असा लांब दुहेरी आरएनए सहसा नसतो, म्हणून त्याचे असणे हाच धोक्याचा इशारा ठरतो. कीटकांत डायसर-२ हे विकर हा धागा पकडून त्याचे २१ अक्षरांच्या आसपासचे तुकडे करते. हे झाले एसआय-आरएनए. ते आर्गोनॉट-२ मध्ये बसतात आणि विषाणूचे बाकीचे आरएनए हुडकून कापायला लावतात. म्हणजे विषाणूच्याच मजकुराचा तुकडा विषाणूवर नेम धरायला वापरला जातो.

या नैसर्गिक व्यवस्थेला बळ देण्याचा प्रयोग भारतात झाला. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स या संस्थेत जे. नागराजू यांच्या गटाने रेशीम किड्याच्या जनुकसंचातच अशी रचना घातली की, ग्रासरीच्या विषाणूच्या अनेक आवश्यक जनुकांशी जुळणारा दुहेरी आरएनए किड्याची पेशी स्वतःच तयार करेल. हे काम २०१३ साली ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा किड्यांनी विषाणूला सामान्य किड्यांपेक्षा चांगली टक्कर दिली. एकाच वेळी अनेक जनुकांवर नेम धरल्यामुळे विषाणूला एखाद-दुसरे अक्षर बदलून निसटणेही अवघड झाले.

तिसरी वाट: पिवी-आरएनए

तिसऱ्या वाटेवर डायसर लागत नाही. प्राण्यांच्या जनुकसंचात असे अनेक तुकडे असतात जे स्वतःची नक्कल काढून दुसऱ्या जागी घुसतात. त्यांना उड्या मारणारी जनुके म्हणतात. रेशीम किड्याच्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग अशा आणि इतर पुनरावृत्त मजकुराने व्यापलेला आहे. अंडे किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत हे तुकडे मोकाट सुटले तर पुढच्या पिढीचा मजकूरच बिघडेल. त्यांना आवर घालण्याचे काम पिवी-आरएनए करतात. उंदराच्या वृषणात २००६ साली ते प्रथम मोठ्या संख्येने सापडले.

या रेणूंच्या घडणीचा बराचसा उलगडा बीएमएन-४ या पेशीवाणातून झाला. रेशीम किड्याच्या बीजांडकोशापासून तयार केलेल्या या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येतात आणि त्यांच्यात पिवी-आरएनएची सगळी यंत्रणा शाबूत असते. असे पेशीवाण फार थोडे आहेत.

घडण अशी होते. पिवी-आरएनएचा लांब धागा केंद्रकाबाहेर येतो. पेशीतील ऊर्जाकेंद्राच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणाजवळ तो कापला जातो. झुकिनी हे विकर हे काम करते, काही वेळा पिवी कुळातील प्रथिनेच धागा कापतात. कापलेला तुकडा सिवी किंवा बीएम-एगो-३ या प्रथिनात बसतो. त्याचे सुरुवातीचे टोक प्रथिनाच्या एका खोबणीत पक्के असते, पण शेवटचे टोक अजून लांब असते.

हे लांब टोक नेमके कोण छाटते, हे बरीच वर्षे उमगले नव्हते. टोकियोतील युकिहिदे तोमारी यांच्या गटाने २०१६ साली रेशीम किड्याच्या पेशींतून ते विकर वेगळे केले. त्याचे नाव ट्रिमर. ते आरएनएच्या शेवटच्या टोकाकडून एकेक अक्षर काढत येते. पापी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची साथ नसेल तर त्याचे काम नीट होत नाही. छाटणी कुठे थांबायची, हे आरएनए ज्या प्रथिनात बसला आहे त्याच्या आकारावर ठरते. प्रथिनाच्या आत झाकली गेलेली अक्षरे ट्रिमरच्या हाती लागत नाहीत. शेवटी २७-२८ अक्षरांच्या आसपासचा तुकडा उरतो. पेशींतील ट्रिमर कमी केल्यावर लांबच लांब, अर्धवट तुकडे साचले आणि पुढची रासायनिक पायरीही ढेपाळली.

ट्रिमरचे मानवी रूप पीएनएलडीसी-१ या नावाने ओळखले जाते. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांमध्ये या जनुकात दोष असल्याचे २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या वृषणात पिवी-आरएनएची घडण बिघडलेली होती. रेशीम किड्यात सापडलेल्या विकराने पाच वर्षांत माणसातील वंध्यत्वाच्या एका कारणावर प्रकाश टाकला.

टोकाचे रसायन

छाटणी झाल्यावर हेन-१ हे विकर पुढे येते. आरएनएच्या शेवटच्या अक्षराची जी साखर असते, तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी असते. हेन-१ त्यातील हायड्रोजनच्या जागी मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बसवते. हा गट एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन या रेणूकडून येतो. पेशीतील बहुतेक मिथिल गटांचा पुरवठा तोच करतो.

नायलॉनची दोरी कापल्यावर शेतकरी तिचे टोक जाळून बंद करतो, म्हणजे पीळ सुटत नाही. मिथिल गट आरएनएच्या टोकाला तेच करतो. टोक उघडे राहिले तर दुसरी विकरे त्यावर युरॅसिलची अक्षरे जोडू लागतात. ही युरॅसिलची शेपटी म्हणजे पेशीच्या भाषेत ‘हे मोडीत काढा’ अशी खूण असते. मग टोकाकडून कुरतडणारी विकरे आरएनए संपवून टाकतात. मिथिल गट असला की शेपटीही जोडता येत नाही आणि कुरतडणेही अवघड जाते.

हे रसायन प्रथम वनस्पतीत समजले. श्वेमेई चेन यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान रोपावर काम करताना हेन-१ जनुक शोधले. वनस्पतीचे मायक्रोआरएनए टोकाला मिथिल गट घेऊनच तयार होतात, हे त्यांनी २००५ साली दाखवले. जनुक बिघडलेल्या रोपांत मायक्रोआरएनए कमी झाले, उरलेल्यांना युरॅसिलच्या शेपट्या फुटल्या आणि रोपे खुरटली. दोन वर्षांनी प्राण्यांच्या पिवी-आरएनएवरही हाच गट असल्याचे उघड झाले.

दोन्हीकडे क्रम मात्र वेगळा आहे. वनस्पतीत तुकडा दुहेरी असतानाच, आर्गोनॉटमध्ये बसण्याआधी, दोन्ही धाग्यांच्या टोकांवर मिथिल गट बसतो. प्राण्यांत तो एकेरी धागा प्रथिनात बसल्यानंतर आणि छाटणी झाल्यानंतर बसतो. वनस्पतीच्या जवळपास सर्व छोट्या आरएनएंना हे संरक्षण मिळते. प्राण्यांत ते पिवी-आरएनएंना आणि कीटकांच्या एसआय-आरएनएंना मिळते, बहुतेक मायक्रोआरएनए त्याविनाच राहतात. तुतीचे पान आणि ते खाणारी अळी या दोघांत छोटे आरएनए आहेत, पण टोक बंद करण्याची रीत दोघांची निराळी आहे.

चार अणूंचा हा गट ओळखायची प्रयोगशाळेतली युक्ती साधी आहे. आरएनएवर सोडियम पेरायोडेट टाकतात. टोकाची साखर उघडी असेल तर तिची मोडतोड होते आणि पुढच्या प्रक्रियेत शेवटचे अक्षर गळून पडते. मिथिल गट असेल तर काहीच होत नाही. नंतर प्रक्रिया केलेला आणि न केलेला असे दोन्ही नमुने जेलमध्ये शेजारी शेजारी धाववतात. मिथिल गट नसलेला आरएनए एका अक्षराने आखूड झाल्याने थोडा पुढे सरकलेला दिसतो, मिथिल गट असलेला जागच्या जागी राहतो. पिवी-आरएनएची पट्टी हलत नाही, हेच तिचे टोक बंद असल्याचे प्रमाण.

विषाणूंनीही या पायरीवर घाला घालायची वाट शोधली आहे. पपईवरील रिंग स्पॉट विषाणू ज्या पॉटीव्हायरस कुळातील आहे, त्या कुळाजवळ एचसी-प्रो नावाचे प्रथिन असते. ते वनस्पतीच्या छोट्या आरएनएवर मिथिल गट बसू देत नाही आणि रोपाची प्रतिकारशक्ती लंगडी पडते.

छोटे आरएनए रोपात एका जागेवरून दुसऱ्या जागीही जातात. पुण्याच्या आयसर संस्थेत अंजन बॅनर्जी यांच्या गटाने २०१४ साली बटाट्यावर केलेल्या कामात मायक्रोआरएनए-१५६ कलमाच्या जोडावरून पलीकडे जाऊ शकतो, असे दिसले. त्याचे प्रमाण वाढवलेल्या रोपांच्या फांद्या वाढल्या, पाने लहान झाली आणि बटाटे जमिनीवर, खोडालाच धरू लागले.

नर की मादी

माणसात दोन एक्स असले की स्त्री आणि एक एक्स व एक वाय असला की पुरुष. रेशीम किड्यात उलटे आहे. नरात दोन झेड गुणसूत्रे असतात, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. डब्ल्यू गुणसूत्र असले की किडा मादी होतो, हे १९३३ सालीच कळले होते. पण डब्ल्यूवर मादीपण ठरवणारे जनुक शोधायला गेलेल्यांच्या हाती अनेक दशके उड्या मारणाऱ्या जनुकांचे अवशेष आणि पुनरावृत्ती एवढेच लागत होते. प्रथिन बनवणारे असे जनुक सापडेना.

२०१४ च्या शोधाने कोडे सुटले. ते जनुक प्रथिन बनवतच नाही. डब्ल्यूवरील एका पुनरावृत्त मजकुरातून फेम नावाचा आरएनए निघतो आणि त्यातून २९ अक्षरांचा फेम पिवी-आरएनए घडतो. तो सिवी प्रथिनात बसतो आणि मास्क या जनुकाचा संदेश कापतो. मास्क हे जनुक झेड गुणसूत्रावर असते आणि त्याचे प्रथिन गर्भाला नराच्या वाटेला लावते. फेम पिवी-आरएनए असला की मास्क गप्प होते आणि गर्भ मादी होतो. डब्ल्यू नसेल तर फेम नसतो, मास्क चालू राहते आणि गर्भ नर होतो. सगळा निवाडा गर्भवाढीच्या अगदी सुरुवातीला लागतो.

हा हुकूम टिकावा अशी सोयही त्यातच आहे. मास्कचा संदेश कापला गेला की त्याच्याच एका तुकड्यातून दुसरा पिवी-आरएनए घडतो. तो बीएम-एगो-३ मध्ये बसून फेमचा लांब धागा कापतो आणि त्यातून पुन्हा फेम पिवी-आरएनए तयार होतो. दोन प्रथिने एकमेकांना माल पुरवत राहतात.

जपानी संशोधकांनी पुढे मास्कचा संदेश असा बदलला की फेमला तो ओळखताच येऊ नये. प्रथिन तेच राहिले, अक्षरे तेवढी बदलली. हे बदललेले जनुक घातलेल्या किड्यांत माद्या जगेनाशा झाल्या आणि काहींमध्ये नराची लक्षणे उमटली. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. केवळ नरांची बॅच मिळवण्याचा एक मार्ग त्यातून दिसला.

अंडीपुंज निर्मिती केंद्रांतही या ज्ञानाला मोल आहे. संकरित अंडी बनवायची तर एका जातीचा नर आणि दुसऱ्या जातीची मादी लागते, म्हणून पतंग बाहेर पडण्याआधी कोशिका हातात घेऊन, पोटाकडची बारीक खूण बघून नर-मादी वेगळे करावे लागतात. हे काम नजरेचे आणि वेळखाऊ आहे; नर-मादी आधीच ठरवता आले तर ते वाचेल.

अक्षरबदल आणि शेपट्या

टोकावरचा मिथिल गट हा एकच बदल नव्हे. काही मायक्रोआरएनएमध्ये मधलेच अ‍ॅडेनिन बदलून इनोसिन होते. एडार नावाची विकरे हे करतात. पेशी इनोसिनला ग्वानिनसारखे वाचते, त्यामुळे छोट्या आरएनएचा नेमच बदलतो. मायक्रोआरएनए-३७६ च्या गटात मेंदूच्या पेशींमध्ये असे एक अक्षर बदलते आणि तो वेगळ्याच जनुकांना लक्ष्य करतो, हे २००७ साली दिसून आले.

लेट-७ वर वेगळीच पाळत असते. भ्रूणाच्या आदिपेशींत लिन-२८ हे प्रथिन त्याच्या अर्धवट रूपाला धरते आणि एक विकर त्यावर युरॅसिलची लांब शेपटी जोडते. मग डायसर त्याला कापत नाही आणि तो नष्ट होतो. आदिपेशी आदिपेशीच राहण्यासाठी लेट-७ दाबलेला असणे गरजेचे असते. हीच यंत्रणा भलत्या वेळी चालू झालेली काही कर्करोगांत आढळते.

शेपटी नेहमीच मारक नसते. यकृतातील मायक्रोआरएनए-१२२ ला एक अ‍ॅडेनिन जोडले जाते आणि त्याने तो अधिक टिकतो. काही मायक्रोआरएनएंच्या मूळ लांब धाग्यावर अ‍ॅडेनिनला मिथिल गट लावलेला असतो. त्या खुणेमुळे ड्रोशाला कापायची जागा सापडणे सोपे जाते.

औषध, सरकी आणि फवारणी

माणसासाठी एसआय-आरएनएचे पहिले औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. उघडा आरएनए रक्तात फार टिकत नाही. औषधशास्त्रज्ञांनी यावर निसर्गाचीच युक्ती वापरली आणि साखरेच्या त्याच जागी मिथिल गट बसवले, काही अक्षरांवर फ्लोरिन बसवले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या इनक्लिसिरानमध्ये जवळपास प्रत्येक अक्षर असे बदललेले आहे. म्हणून पहिल्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनच इंजेक्शने पुरतात.

कपाशीच्या पट्ट्याला जवळचे उदाहरण सरकीचे. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. गाई-म्हशींना सरकीची पेंड बऱ्यापैकी पचते, कोंबडीला आणि माणसाला चालत नाही. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी फक्त बियांत दुमडलेला आरएनए तयार होईल अशी कपाशी घडवली. त्यातून निघालेले छोटे आरएनए गॉसिपॉल बनवणारे जनुक बियांपुरते गप्प करतात. पानात आणि बोंडात गॉसिपॉल राहते, त्यामुळे किडींपासूनचे संरक्षण जात नाही. हे काम २००६ साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ साली त्या कपाशीवरील निर्बंध उठवले.

दुहेरी आरएनएची फवारणी हा पुढचा टप्पा. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठीच्या अशा फवारणीला अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. भुंगेऱ्यांत ती चालते, कारण त्यांच्या पेशी खाल्लेला दुहेरी आरएनए सहज उचलतात आणि डायसरपर्यंत पोहोचवतात. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात मात्र तो आधीच मोडला जातो. गुलाबी बोंडअळी आणि रेशीम अळी या दोन्ही पतंगवर्गीयच आहेत. बोंडअळीवर अशी फवारणी भुंगेऱ्याइतकी सहज का लागू पडत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

शेडमधली आजची स्थिती

भारतात शेतकऱ्याला मिळणारे अंडीपुंज पारंपरिक निवड आणि संकरातून तयार झालेले आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने विकसित केलेले दुबार, म्हणजे वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या जातींचे, संकर महाराष्ट्रात वापरले जातात. फेम आणि मास्क यांवरचे काम प्रयोगशाळेतले आहे आणि जनुकबदल केलेला किडा शेतावर यायचा तर सुरक्षिततेच्या सगळ्या चाचण्यांतून जावा लागेल.

अळीची स्वतःची आरएनए यंत्रणा विषाणूशी लढते खरी, पण तिला मर्यादा आहे. लागण मोठी असेल किंवा उष्णतेने अळी आधीच कमजोर झाली असेल तर ती हरते. म्हणून ग्रासरीवरचा उपाय आजही जुनाच आहे. बॅच सुरू करण्यापूर्वी शेड आणि साहित्य निर्जंतुक करणे, तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान राखणे, अळ्या कात टाकून उठल्यावर शिफारशीप्रमाणे निर्जंतुक भुकटी धुरळणे आणि रोगट अळी दिसताच उचलून नष्ट करणे, ही कामे कोणताही रेणू शेतकऱ्यासाठी करून देणार नाही.